सेन्र्यू : सामान्य वाचकांचे काव्य

हायकू हा जपानी काव्यप्रकार शिरीष पै यांच्या रचनांमुळे मराठी वाचकांच्या परिचयाचा झाला आहे. पाच, सात आणि पाच अशा सतरा अक्षरांचे तेच माप वापरणारा ‘सेन्र्यू’ हा त्याचा भाऊबंद मात्र आपल्याकडे फारसा पोहोचलेला नाही. हायकूची दृष्टी ऋतूंकडे व निसर्गाकडे असते, सेन्र्यूची माणसाकडे. सासू-सून, आळशी नोकर, लाचखाऊ अधिकारी, लोकप्रिय नट हे त्याचे विषय. ऋतुवाचक शब्दाचे बंधन त्याला नाही.

या काव्याचा उगम एका स्पर्धेत आहे. अठराव्या शतकात एदो नगरीत, म्हणजे आजच्या टोकियोत, परीक्षक सात-सात अक्षरांच्या दोन ओळी जाहीर करी. नागरिकांनी त्यांना जुळणारे सतरा अक्षरांचे कडवे रचून अल्प शुल्कासह पाठवावयाचे. निवडलेली कडवी छापली जात व त्यांना बक्षिसे मिळत. असाकुसा भागातील एका वस्तीचे प्रमुख काराई सेन्र्यू (१७१८–१७९०) हे १७५७ पासून असे परीक्षक झाले. पुढे त्यांचेच नाव या काव्याला मिळाले.

ही रीत समजण्यासाठी एक उदाहरण रचून पाहू. समजा, दिलेल्या ओळी अशा आहेत :

फसवू तरी कोणा,
फसवू तरी कोणा?

त्यावर एखादा वाचक लिहील :

घड्याळ पुढे
दहा मिनिटे, मन
हिशेब जाणे.

आता वरच्या दोन ओळी झाकून पाहिल्या, तरी कडव्याचा अर्थ उणावत नाही. १७६५ मध्ये गोर्योकेन आरुबेशी यांनी हेच सूत्र धरले. दिलेल्या ओळींवाचून समजतील अशी कडवी सेन्र्यूंच्या निवडीतून वेचून त्यांनी ‘हाइफू यानागिदारू’ हा संग्रह काढला. त्याचे १८४० पर्यंत १६७ भाग निघाले. त्यांतील बहुतेक कडव्यांचे कर्ते अज्ञातच आहेत.

हे हसू नेहमीच निरुपद्रवी मानले गेले नाही. १७८७ ते १७९३ या काळातील कान्सेई सुधारणांमध्ये छपाईवर कडक नियंत्रण आले आणि संग्रहाच्या नंतरच्या आवृत्त्यांतून राज्यकर्त्यांना टोचणारी काही कडवी वगळण्यात आली. विसाव्या शतकात त्सुरु आकिरा यांनी सेन्र्यूतून युद्धाला विरोध केला. १९३७ मध्ये त्यांना अटक झाली. कोठडीत आजारी पडून १९३८ मध्ये ते मरण पावले. तेव्हा त्यांचे वय केवळ २९ वर्षांचे होते.

आजही जपानी वृत्तपत्रे वाचकांचे सेन्र्यू छापतात. १९८७ मध्ये दाइ-इची या आयुर्विमा कंपनीने नोकरदारांच्या सेन्र्यूंची स्पर्धा सुरू केली. वरिष्ठांची बोलणी, घरात घसरलेली पत, नव्या यंत्रापुढे होणारी फजिती, चालू वर्षातील गाजलेली गाणी व खेळाडू असे सारे विषय तीत येतात. कडवी टोपणनावाने प्रसिद्ध होतात आणि अंतिम क्रम वाचकांच्या मतांनी ठरतो.

टोपणनावाची ही सोय केवळ गमतीची नाही. ज्याला वरिष्ठांसमोर किंवा घरच्यांसमोर उघड बोलता येत नाही, त्याला तिच्यामुळे बोलता येते. मात्र उत्तम सेन्र्यूत थट्टेचा पहिला विषय बहुधा लिहिणारा स्वतःच असतो. म्हणूनच ते वाचून अनोळखी माणसालाही आपलेच काही उघड झाल्यासारखे वाटते.