सगळ्यांच्या सह्यांचं लग्न

प्रश्न : माझ्या धाकट्या मुलाचं लग्न इंग्लंडमध्ये वाढलेल्या मुलीशी ठरलंय. तिच्या आजीचं माहेर क्वेकर. त्यांच्यात लग्नाला हजर असलेले सगळे, लहान मुलंसुद्धा, एका मोठ्या कागदावर सह्या करतात आणि तो कागद पुढे घरात भिंतीवर लावतात. लग्न आमच्या कॅथलिक चर्चमध्येच होणार, पण ही रीत चालू राहावी अशी मुलीची इच्छा आहे. ही रीत आली कुठून? आपल्याकडे चालेल का?
– एक वाचक, पाचूबंदर, वसई

उत्तर : चालेल. आणि हौस म्हणून उरकू नका, मनापासून करा, कारण या रीतीमागे मोठा इतिहास आहे.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स आणि त्यांच्या सोबत्यांनी क्वेकर हा ख्रिस्ती पंथ उभा केला. देव आणि माणूस यांच्यामध्ये पुरोहित नको, ही त्यांची धारणा. त्यामुळे लग्नातही पाद्री नाही. सगळे शांत बसायचे, मग वधूवर उठून एकमेकांना वचन द्यायचे. मुलीचं दान कुणी करायचं नाही, ती स्वतःच बोलायची. पण पाद्री नसलेल्या लग्नाला लग्न म्हणायचं का, अशी शंका लोक घेऊ लागले. मुलांच्या वारसाहक्कावर वाद उठले. असाच एक खटला 1661 साली नॉटिंगहॅमच्या कोर्टात चालला आणि क्वेकर लग्न खरं मानलं गेलं. अशा काळात पुरावा म्हणजे हजर माणसं, म्हणून सगळ्यांच्या सह्या. खुद्द फॉक्स यांनी 1669 मध्ये ब्रिस्टलला मार्गारेट फेल यांच्याशी लग्न केलं, तेही याच पद्धतीनं. पुढे 1753 च्या कायद्यानं इंग्लंडमध्ये बहुतेक लग्नं सरकारी चर्चच्या रीतीनंच लावणं बंधनकारक झालं, तेव्हाही क्वेकर आणि ज्यू यांना सूट मिळाली.

महाराष्ट्रालाही पुरोहिताविना लग्न नवं नाही. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं 25 डिसेंबर 1873 ला पुण्यात तसं लग्न लावलं. या दोन चळवळींचा एकमेकींशी संबंध नव्हता. तरी वधूवरांनी आपला शब्द आपणच द्यायचा, हा आग्रह दोन्हीकडे सारखा दिसतो.

आता तुमच्या चर्चचं. कॅथलिक शिकवणीनुसारही हा संस्कार वधूवर एकमेकांना देतात, फादर चर्चतर्फे साक्षीला असतात. म्हणजे मुलीच्या आजीची श्रद्धा आणि तुमची श्रद्धा या एका जागी बरीच जवळ येते. एक गोष्ट मात्र आधी बघा. क्वेकर पाण्यानं बाप्तिस्मा देत नाहीत. मुलीचा बाप्तिस्मा झालेला नसेल तर लग्नासाठी बिशपांची खास परवानगी लागते. दुसऱ्या एखाद्या ख्रिस्ती पंथात झालेला असेल तरीही परवानगी लागतेच, फक्त ती वेगळ्या प्रकारची. म्हणून तारीख धरण्याआधीच फादरना भेटा, कागदपत्रं परदेशातून यायला वेळ जातो.

सह्यांच्या कागदाला कायद्यात काही वजन नाही. कायद्याच्या दृष्टीनं चर्चच्या रजिस्टरमधली नोंद आणि विवाह नोंदणी, एवढंच मोजतात. त्यामुळे रजिस्टरवर सह्या झाल्या की मग हा कागद पुढे करा. मिस्साच्या मध्ये तो आणू नका.

सही कुणाची घ्यायची, हा खरा प्रश्न आहे. आपल्याकडे जेवणाला शेकडो माणसं येतात. त्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या तर कागद आहेराच्या वहीसारखा होईल. माझ्या मते, चर्चमध्ये बसून ज्यांनी वचन कानांनी ऐकलं त्यांचीच सही घ्यावी. सहीचा अर्थच तो आहे : मी ऐकलं, उद्या या दोघांना अडचण आली तर मी जबाबदार आहे. मंडपात थेट संध्याकाळी आलेल्याला ते म्हणता येणार नाही. गावातली माणसं जास्तीत जास्त हजर हवी असतील तर तारीख भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत धरा. डोल जाळ्यांची मासेमारी उधाणाच्या मोठ्या भरतीवर चालते, भांगाला बोटी बंदरात जास्त असतात.

वर तारीख, चर्चचं नाव, दोन्ही घरांची नावं आणि दोघांनी उच्चारलेलं वचन सुबक अक्षरात लिहून घ्या, मराठीत आणि इंग्रजीत. कागद जाड आणि आम्लरहित घ्या, पाण्यानं न पसरणारी शाई वापरा. पाचूबंदरच्या खाऱ्या, दमट हवेत साधा कागद दोन पावसाळ्यांत डागाळतो. फ्रेममध्ये काच कागदाला टेकू देऊ नका, आणि बाहेरच्या भिंतीवर तर मुळीच टांगू नका.

ज्या म्हाताऱ्या बायकांना लिहिता येत नाही त्यांना वगळू नका. त्यांनी अंगठा उठवावा आणि शेजारी नातवंडानं त्यांचं पूर्ण नाव लिहावं. लहान मुलांच्या वाकड्यातिकड्या अक्षरांसाठी खालच्या बाजूला जागा सोडा, नाहीतर मोठी माणसं सगळा कागद व्यापून टाकतात.