डोक्यावर बांधलेली नाव
(ज्ञानेश्वरी, अध्याय १६ : दंभ)



काल १५ ऑगस्ट. दिवसभर कार्यक्रम होते, त्यामुळे रात्रीचं वाचन राहिलं आणि ते आज पहाटे झालं. आपण सध्या सोळाव्या अध्यायात आहोत. दैवी संपत्तीचे सव्वीस गुण संपले आणि आज आसुरी संपत्ती सुरू झाली. गीतेत हिच्या दोषांची यादी चौथ्या श्लोकात आहे. त्यात सहा दोष येतात : दंभ, दर्प, अभिमान, क्रोध, कठोरपणा आणि अज्ञान.

तिसऱ्या शब्दापाशी मी अडखळलो. कारण काल सकाळी मी जे स्टेटस ठेवलं होतं, त्यात तोच शब्द होता. तिरंगा, मागे ढोल, आणि खाली मोठ्या अक्षरात : ‘अभिमान आहे भारतीय असल्याचा’.

म्हणजे आपण छाती फुगवून जे म्हणतो, ते भगवंतांनी थेट आसुरी यादीत टाकलंय की काय? तुमच्यापैकी काहींनाही हा प्रश्न कधीतरी पडला असेल. म्हणून आज थोडं सविस्तर.

आधी शब्दाचं बघू

रोजच्या मराठीत ‘अभिमान’ चांगल्या अर्थानेही येतो. आजी नातवाबद्दल ‘मला त्याचा अभिमान वाटतो’ म्हणते तेव्हा त्यात प्रेम असतं, कृतज्ञता असते. गीतेतला अभिमान वेगळा. तिथे ‘मी’ फुगतो, आणि त्याला फुगायला काहीही चालतं. पैसा चालतो, शिक्षण चालतं, जात चालते, आणि देशही चालतो.

दोन्हींना शब्द एकच, म्हणून ओळखायचं कसं? माझ्यापुरती एक खूण मला सापडली आहे. ती भावना मनात येऊन गेल्यावर माझं कर्तव्य वाढलं, की नुसता मीच मोठा झालो? एवढं प्रामाणिकपणे तपासलं तरी पुष्कळ कळतं.

माउलींचे दाखले

आता दंभाच्या ओव्या. मूळ ओव्या तुम्ही पोथीत वाचाच, मी आशय सांगतो.

माउली म्हणतात, आपली आई म्हणजे साक्षात तीर्थ. पण तिलाच चारचौघांत उघडं करून दाखवलं, तर तेच तीर्थ आपल्या पतनाचं कारण होतं. गुरूंनी दिलेली विद्या हिताचीच असते, पण ती चव्हाट्यावर ओरडून सांगितली तर अनिष्ट घडवते. आणि मग येतो नावेचा दाखला. महापुरात बुडणाऱ्याला जी नाव झटपट पैलतीराला नेते, तीच नाव डोक्यावर बांधून घेतली तर बुडवते. धर्माचंही तसंच. तारणारा धर्मच, त्याचा डांगोरा पिटला की दोषाला कारण होतो. याचं नाव दंभ.

गंमत बघा. या दाखल्यांमध्ये कुठलीही वस्तू वाईट नाही. आई, विद्या, नाव, धर्म, सगळं पवित्र आणि उपयोगाचं. नावेत काहीच खोट नाही. चुकलीय ती जागा. बसायच्या वस्तूला आपण डोक्यावर घेतलं.

देशावरचं प्रेम ही अशीच नाव आहे, असं मला आज वाटलं. आणि पहिला दाखला आईचा आहे, हे वाचून तर मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसताच बसलो. भारतमाता म्हणतो आपण.

नावेत बसलेली माणसं

मग नावेत बसायचं म्हणजे काय करायचं? मला धुळ्याचा तुरुंग आठवला.

१९३२ साल. सविनय कायदेभंगात पकडलेले सत्याग्रही धुळे जेलमध्ये होते. विनोबा होते, साने गुरुजीही होते. २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी विनोबा गीतेच्या एका अध्यायावर बोलायचे. अठरा अध्याय, अठरा रविवार, १९ जूनला शेवट. साने गुरुजींनी ती प्रवचनं लिहून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आज आपल्या हातात आहे. नेवाशाला माउली बोलत होते आणि सच्चिदानंद बाबा लिहून घेत होते, त्याची आठवण होते की नाही?

सोळावा अध्याय आला तो ५ जूनच्या रविवारी. समोर बसलेले श्रोते कोण होते? देशासाठी घरदार सोडून आलेले कैदी. त्यांना देशाचा गौरव ऐकवला असता तर जेल दणाणून गेलं असतं. विनोबांनी मात्र त्या दिवशी आसुरी वृत्तीच्या तीन हावा उलगडून सांगितल्या : सत्ता, संपत्ती आणि संस्कृती. आमचीच संस्कृती श्रेष्ठ, तीच सगळ्या जगावर पसरली पाहिजे, ही हाव त्यांनी सत्ता-संपत्तीच्या हावेच्याच पंगतीला बसवली.

हे बोलणारा माणूस स्वतः देशासाठी तुरुंगात होता, हे विसरू नका. त्याचं देशप्रेम कोणी तपासायची गरज नव्हती. मला यातून एवढंच कळतं की ज्यांनी खरोखर वल्ही मारली, त्यांना नाव डोक्यावर घेण्याचा धोका आपल्यापेक्षा स्पष्ट दिसत होता. पुढे याच विनोबांनी १९५१ साली तेलंगणात पोचमपल्लीपासून भूदान सुरू केलं आणि भूमिहीनांसाठी जमीन मागत वर्षानुवर्षं देशभर पायी फिरले. देशाची माती म्हणजे काय, हे त्या पायांना विचारावं.

१९४७ चा मे महिना

दुसरी गोष्ट ती प्रवचनं लिहून घेणाऱ्याची.

१९४७ म्हटलं की आपल्याला फक्त ऑगस्ट आठवतो. त्याच वर्षी १ मेला साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. मागणी एकच होती : विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुलं करा. स्वातंत्र्य दाराशी येऊन उभं होतं. आणि हा माणूस पांडुरंगाच्या गावात उपाशी बसला होता. त्याआधी कित्येक महिने त्यांनी याच मागणीसाठी महाराष्ट्रभर दौरा केला होता. १० मेला उपोषण सुटलं आणि मंदिर खुलं झालं.

आपण वारी करतो, चोखोबांचे अभंग डोळे मिटून गातो. त्या चोखोबांची समाधी महाद्वाराच्या बाहेर आहे. ज्या इतिहासाचा आपल्याला अभिमान आहे, त्यात चोखोबांची भक्ती येते तसं त्यांच्यासाठी बंद राहिलेलं दारही येतं. साने गुरुजींचं देशावर प्रेम होतं म्हणूनच त्यांना ते बंद दार सोसवलं नाही. घरातलं माणूस आजारी असलं की आपण शेजाऱ्यांना ‘आमच्याकडे सगळे ठणठणीत’ असं सांगत फिरत नाही. डॉक्टरकडे जातो. आपल्या माणसांबद्दलची माया अशीच असते.

आणि भूमी?

अथर्ववेदाच्या बाराव्या कांडात भूमिसूक्त आहे, ६३ मंत्रांचं. भूमी माझी आई आणि मी तिचं लेकरू, हा भाव त्यातलाच. सूक्त सगळ्या पृथ्वीबद्दल आहे, त्यात सीमारेषा नाहीत. तरी आपल्या मातीवर प्रेम कसं करावं, हे शिकायला मला याहून चांगलं काही सापडलेलं नाही.

पहिल्याच मंत्रात पृथ्वीला कोण धरून ठेवतं, ते सांगितलंय : सत्य, ऋत, दीक्षा, तप, ब्रह्म, यज्ञ. या यादीत आवाज चढवणं कुठेच नाही. पुढे एका मंत्रात ऋषी म्हणतात की वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या, आपापल्या ठिकाणच्या वेगवेगळ्या रीती पाळणाऱ्या माणसांना ही भूमी एका घरात राहावं तसं सांभाळते. आणि आणखी एका मंत्रात विनवणी आहे : आई, मी तुझ्यातून जे खणून काढेन ते लवकर पुन्हा भरून येवो, तुझ्या मर्माला माझ्याकडून इजा न होवो.

आमच्या सोसायटीत दोन बोअरवेल आहेत. पावसाचं पाणी जमिनीत जिरवायची सोय नाही. ही विनवणी वाचताना तेच डोळ्यांसमोर आलं.

आता काल काय झालं ते

झेंडावंदन छान झालं. मी व्हिडिओ काढले, नंतर खालीच लिफ्टसमोर उभा राहून रील बनवत होतो. लहान मुलांना वाटलेले कागदी झेंडे आवारात पडले होते. हाउसकीपिंगच्या मावशी ते एकेक करून उचलत होत्या, पदराने पुसून एकावर एक ठेवत होत्या. माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, “दादा, हे कचऱ्यात नाय टाकवत. कुठं ठेवू?”

मला उत्तर माहीत नव्हतं. (नंतर शोधलं. भारतीय ध्वजसंहितेनुसार कागदी झेंडेसुद्धा कार्यक्रमानंतर जमिनीवर टाकायचे नसतात. ते गोळा करून खाजगीत, ध्वजाचा मान राखून विसर्जित करायचे असतात.) मी म्हटलं, “द्या माझ्याकडे.” त्यांनी दिले आणि बादली उचलून जिन्याकडे वळल्या. सातव्या मजल्यावर जायचं होतं त्यांना. मागची लिफ्ट दोन दिवस बंद आहे. पुढची लिफ्ट माझ्यासमोर रिकामी उभी होती, आणि तिच्यावर पाटी आहे : ‘कामगार व डिलिव्हरी यांनी मागील लिफ्ट वापरावी’.

ती पाटी लावायचं ठरलं तेव्हा ग्रुपवर मी अंगठा दाखवला होता. चार महिन्यांपूर्वीची गोष्ट. तेव्हा काही खटकलंसुद्धा नव्हतं.

काल मी मावशींना हाक मारायला हवी होती. मारली नाही. चार लोक होते, कोणीतरी काहीतरी बोलेल असं वाटलं. हातात त्यांनी पुसलेले झेंडे होते आणि फोनवर ‘अभिमान आहे’. आज पहाटे नावेची ओवी वाचली आणि पुढे वाचवेना.

पंढरपुरातल्या बंद दाराबद्दल मला राग येतो, कारण ते दार मी बंद केलेलं नाही. लिफ्टच्या दारावर माझा अंगठा आहे.

सकाळी आठला ग्रुपवर लिहिलं की ती पाटी काढावी असं मला वाटतं, आणि आधी हो म्हटलं ही माझी चूक झाली. आतापर्यंत दोघांनी होकार दिलाय. एका काकांनी ‘सामानाने लिफ्ट खराब होते’ असं लिहिलंय. एकाने हसण्याची इमोजी टाकलीय. रविवारी मीटिंग आहे. काय होईल सांगता येत नाही, पण बोलायला मी जाणार आहे. मावशींशीही बोललो. त्या म्हणाल्या, “जाऊ द्या हो दादा, सवय आहे.” ते ‘सवय आहे’ दिवसभर कानात राहिलं.

आजचा अभ्यास

१. देशाबद्दल अभिमानाचं काही पोस्ट करावंसं वाटलं तर जरूर करा. फक्त त्याच दिवशी या देशातल्या एका माणसासाठी एक काम करा आणि ते पोस्ट करू नका.

२. आपल्या इतिहासातली एक गौरवाची आणि एक लाजेची गोष्ट शोधून वाचा. दोन्ही आपल्याच म्हणून वाचा.

३. आपल्या घरात, सोसायटीत, ऑफिसात कोणासाठी कुठलं दार बंद आहे ते बघा. वेगळा कप, वेगळी लिफ्ट, वेगळी खुर्ची. त्यावर आपला अंगठा आहे का, तेही बघा.

ते झेंडे मी घरी आणलेत, देवघराच्या बाजूच्या फळीवर ठेवलेत. संध्याकाळी त्यांचं विसर्जन करेन. स्टेटस चोवीस तास झाल्यावर आपोआप गेलं.

माउली, नाव दिली आहेस, तिच्यात बसायची बुद्धी दे. वल्हं मारायला हातही दे.

उद्या दर्पाच्या ओव्या घेऊ.

राम कृष्ण हरी 🙏