गृहभेटीत मातेचीही विचारपूस

बहुविध व तीव्र अपंगत्व असलेल्या बालकांना घरी राहून शिकण्याचा पर्याय शिक्षणहक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने मिळाला. त्यानुसार शिक्षक गृहभेटीस जातात व मूल काय शिकले याची नोंद करतात. त्या मुलाची अहोरात्र शुश्रूषा करणाऱ्या मातेविषयी नोंदवहीत सहसा एक ओळही आढळत नाही.

मागे एका भेटीत, मेंदूच्या पक्षाघातामुळे अंथरुणास खिळलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या आईस मी सहज विचारले, "ताई, माहेरी केव्हा जाऊन आलात?" ती म्हणाली, "साहेब, भावाच्या लग्नालासुद्धा गेले नाही. ह्याला घास भरवणं दुसऱ्या कुणाला जमत नाही." घरात सासू होती, थोरली जाऊ होती, माया सर्वांनाच होती. परंतु ठसका लागेल या भीतीने कोणी पुढे होत नसे, आणि आईनेही कोणास शिकविले नव्हते.

पुढील भेटीत विशेष शिक्षकांनी जावेस जवळ बसवून कृती दाखविली. मुलास आडवे ठेवून भरवू नये. पाठीस आधार देऊन ताठ बसवावे, मान मागे कलू न देता किंचित पुढे ठेवावी. घास लहान असावा, आधीचा गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा द्यावा, व जेवणानंतर अर्धा तास तरी निजवू नये. पहिल्या दिवशी जावेचे हात थरथरत होते. महिन्याभरात दुपारचे जेवण तिच्याकडे आले. आईने त्या वेळात काय केले म्हणाल, तर झोप काढली! ते योग्यच झाले.

मूल वाढते तसे त्याचे वजनही वाढते, आणि उचलणारी मात्र तीच. उचलताना कमरेतून न वाकता गुडघे दुमडावेत. जड मुलास दोघांनी उचलावे. रात्री कूस बदलण्याची पाळी वडिलांनीही घ्यावी. ते शेतात दमतात हे खरे, पण आईही शेतात जातेच.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात काळजीवाहकाच्या व्याख्येत आईवडीलही येतात, व अधिक साहाय्य लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. त्याची चौकशी करावीच. पण तोवर बचत गटाच्या बैठकीत शिक्षकांनी हा विषय काढावा. आठवड्यातून दोन तास मुलाजवळ बसणारी एखादी शेजारीण बहुधा मिळते.

आई घरी नसता मुलास कोण भरवील, त्याचे नाव यापुढे नोंदवहीत लिहावे. ती जागा कोरी राहिल्यास त्या भेटीत अंकलिपी बाजूस ठेवून प्रथम ते माणूस शोधावे.