स्वतंत्र व्यवसायास निघालेल्या भाचीस

सुर्ला, डिचोली

चिरंजीव बाये,

तुझे पत्र पोचले. आल्तिनोवरच्या कला महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर, पणजीच्या एका जाहिरात-कचेरीतील चालून आलेली नोकरी नाकारून, पुस्तकांची मुखपृष्ठे आणि मुलांच्या गोष्टींची चित्रे काढण्याचा व्यवसाय स्वतःच्या हिमतीवर करण्याचा तुझा निश्चय झाला आहे, आणि त्यामुळे घरात चिंता पसरली आहे, हे त्यातून कळले. तुझ्या आईची चिंता अस्थानी नाही. परंतु तुझा निश्चयही मला अविचाराचा वाटत नाही. माझे आयुष्य दुसऱ्यांचे जमाखर्च लिहिण्यात गेले, तेव्हा रंगरेषांविषयी मी तुला काय सांगणार? मात्र ज्याच्या डोक्यावर मालक नाही असा मनुष्य कशाच्या आधाराने उभा राहतो आणि कशाने कोसळतो, हे या गावात राहून मी जवळून पाहिले आहे.

सुर्ला, वेळगे, पाळी या टापूत खनिजाची चलती होती, तेव्हा ज्याच्या दारी ट्रक तो स्वतंत्र धंद्याचा धनी, अशी सर्वांची समजूत होती. बँकेचे कर्ज काढून गाडी घ्यावी, खाणीवर खनिज भरून मांडवीच्या धक्क्यावर ओतावे, तेथून ते बार्जमधून मुरगावच्या बंदरात जावे, आणि ट्रिपमागे ठरलेले भाडे महिनाअखेर हाती पडावे, असा तो क्रम होता. अशा कित्येकांच्या वह्या माझ्या हाताखालून गेल्या. त्या वह्यांच्या नावेच्या बाजूस बँकेचा हप्ता, डिझेल, टायर, चालकाचा पगार, विम्याची रक्कम अशा ओळींमागून ओळी असत. जमेच्या बाजूस मात्र एकच ओळ, एकाच कंपनीच्या नावाची, आणि पान उलटले तरी पुढच्या महिन्यात पुन्हा तेच नाव. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यशासनाने खाणकाम थांबविले, तेव्हा ती ओळ प्रथम कोरी राहिली. पुढे काही काळ धंदा हलला न हलला तोच ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले आणि १६ मार्चपासून उत्खनन बंद झाले. त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेत मी शिरत नाही. येथल्या डोंगरांची आणि शेतांची जी दशा झाली होती ती तूही पाहिली आहेस. सांगायचे ते इतकेच, की ती माणसे कष्टाळू होती, व्यवहाराला चोख होती, आणि तरीही हप्ता थकल्यावर त्यांच्यापाशी दुसरे दार नव्हते. ते स्वतःला धनी म्हणवीत; वस्तुतः ते नोकर होते, आणि नोकराला मिळणारी रजा, भविष्यनिर्वाह निधी व निवृत्तिवेतन यांतले काहीही त्यांच्या वाट्यास आलेले नव्हते.

म्हणून, बाये, पुण्याच्या ज्या एका प्रकाशकाने वर्षभराचे सगळे काम देण्याचे आश्वासन तुला दिले आहे, त्याच्यावर विसंबून तू नोकरी नाकारली असशील, तर तू स्वतंत्र झालीस असे मी मानणार नाही. त्याचे काम अवश्य घे, मन लावून कर. परंतु वर्षाच्या मिळकतीत निम्म्याहून अधिक वाटा कोणा एकाचा असू नये, हा नेम पाळ, आणि पहिल्या वर्षी तो पाळणे अशक्य झाले तर एखाद्या शाळेत आठवड्यातून काही तास चित्रकला शिकविण्यातही कमीपणा मानू नकोस.

तुझ्याच कलेतील दोन गोमंतकीयांची चरित्रे या दृष्टीने पाहा. मुळगाव ज्यांच्या आडनावात नांदते ते रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) चित्रकाराच्या घरात जन्मले, मुंबईत एस. एम. पंडित यांच्या हाताखाली शिकले, आणि मग स्वतंत्र होऊन मुखपृष्ठे, दिवाळी अंक, दिनदर्शिका अशा अनेक वाटांनी घरोघरी पोचले. पुढे ‘रत्नप्रभा’ हा अंकही त्यांनी काढला. मडगावचे दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला आणि १९४५ मध्ये ‘दीपावली’ हे नियतकालिक सुरू केले. त्यांच्या रंगांची वाखाणणी सर्वांनीच केली आहे. मला त्याहून मोलाची वाटते ती त्यांची दूरदृष्टी: काम देणारे पुष्कळ असतानाही आपल्या चित्रास हक्काची जागा असावी म्हणून त्यांनी ती स्वतः निर्माण केली. आज तुला छापखाना नको की कागदाचा साठा नको. आंतरजालावर स्वतःचे दालन उघडून, कोणीही न सांगितलेली, केवळ तुझ्या मनातली चित्रे तू महिन्याच्या महिन्याला तेथे मांडू शकतेस.

आता दप्तराविषयी, कारण येथेच कलावंत मंडळी हमखास हयगय करतात. ब्रश हाती धरण्यापूर्वी करारनामा लेखी हवा: चित्रे किती, मुदत कोणती, फेरफार किती वेळा करून मिळतील, आणि त्यापुढील फेरफारास आकार काय. इसार घेतल्याखेरीज कामास हात लावू नकोस. सर्वांत महत्त्वाचे कलम हक्कांचे. १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमाप्रमाणे, मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या रंगचित्राचा पहिला स्वामी, उलट करार नसेल तर, काम सांगणारा ठरतो; तेव्हा गप्प बसणे हाच येथे तोटा आहे. हक्क तुझ्याकडे राखून तो लेखी सोपवायचा झाल्यास मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिही; ते लिहिले नाहीस तर कायदा पाच वर्षे आणि भारत एवढे गृहीत धरतो.

देयक काम संपल्याच्याच दिवशी, क्रमांक आणि तारीख घालून पाठव. ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य होते, ती पहिले काम घेण्यापूर्वी करून ठेव. सूक्ष्म उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याने नोंदणीकृत सेवा देणाऱ्याचे पैसे करारात मुदत असली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि मुदत ठरलेली नसल्यास १५ दिवसांत चुकते करणे गिऱ्हाइकावर बंधनकारक आहे, आणि विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. हा कायदा रोज उगारायचा नसतो. देयकाच्या तळाशी त्याची एक ओळ सौजन्याने छापलेली असली की तगाद्याची भाषा पुष्कळदा वापरावी लागत नाही.

‘तुझे नाव होईल’ एवढ्या मोबदल्यावर काम मागणारे तुला भेटतील. त्यांना नम्रपणे नकार दे. गावच्या शाळेसाठी किंवा देवळाच्या उत्सवासाठी काही काढून द्यावेसे वाटले तर आनंदाने दे; मात्र तेव्हाही देयकात पूर्ण दर लिहून खाली तेवढीच सूट दाखव, म्हणजे तुझ्या श्रमांचे मूल्य देणाऱ्यास आणि घेणाऱ्यासही ठाऊक राहील.

मिळकत अनियमित येईल, खर्च नियमित राहील. यास्तव आलेल्या रकमेतून कराचा अंश प्रथम वेगळा काढ, आणि सहा महिन्यांचा घरखर्च शिल्लक पडेपर्यंत महागडी यंत्रसामग्री हप्त्यांवर घेण्याचा मोह टाळ.

चवथीला तू येशीलच. पुण्याहून आलेल्या करारपत्रात ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असे शब्द असल्याचे तू लिहितेस. ते पत्र बरोबर आण, आपण कलमवार वाचू आणि मुदतीचा मसुदा लिहून परत पाठवू. तोवर त्यावर सही करू नकोस. आईस माझे आशीर्वाद सांग, आणि हे पत्र तिलाही वाचून दाखव.

तुझा,
मामा