वजनकाट्यावरचा आकडा काय सांगतो?



शाळेत आरोग्य तपासणी झाली की मुलांच्या हाती कार्ड येते. त्यावर उंची व वजनाशेजारी ‘बीएमआय’ असाही एक आकडा असतो. तो पाहून कुणी घाबरतात, कुणी दुसऱ्याला चिडवतात. पुष्कळ पालक तर तो पाहतही नाहीत. म्हणून या अंकात त्याविषयी समजून घेऊ.

बीएमआय म्हणजे शरीर वस्तुमान निर्देशांक. तो काढण्याची रीत सोपी आहे. मीटरमधील उंचीचा वर्ग करावा आणि किलोग्रॅममधील वजनाला त्याने भागावे. समजा, एका मोठ्या माणसाची उंची १.५० मीटर व वजन ५४ किलो आहे. १.५० चा वर्ग २.२५, ५४ भागिले २.२५ बरोबर २४. हा झाला त्यांचा बीएमआय.

या गणिताचे मूळ बेल्जियमचे गणिती अदोल्फ केतले यांच्या १८३२ सालच्या अभ्यासात आहे. ते डॉक्टर नव्हते. अनेक माणसांच्या मापांवरून सरासरी मनुष्य कसा असतो, हे त्यांना पाहायचे होते. त्यामुळे या आकड्यातून वजन कळते. त्या वजनात चरबी किती आणि स्नायू किती, ते कळत नाही.

आपल्यासाठी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. मोठ्यांसाठी १८.५ ते २४.९ हा बीएमआय जगभर योग्य मानला जातो. परंतु आशियाई लोकांमध्ये २३ पासूनच मधुमेह व हृदयविकाराचा धोका वाढू लागतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ साली सांगितले. म्हणजे वरच्या उदाहरणातील २४ हा आकडा आपल्याकडे सावध करणारा आहे.

असे का, याचे एक उत्तर पुण्यात मिळाले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडचे डॉ. जॉन यडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण यडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर माता व बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो होते. आपली बाळे लहान आणि हडकुळी, तरी त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. कमी होते ते स्नायू.

यातून पालकांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. ‘आमचा मुलगा बारीक आहे, त्याला काय होणार?’ असे म्हणून निश्चिंत राहू नये. तसेच बारीक मुलाला बिस्किटे, वेफर्स, थंड पेये देऊन वजन वाढवू नये. त्याने काट्यावरचा आकडा वाढेल, पण अंगात बळ येणार नाही. भाकरी, उसळ, पालेभाजी, दूध, ताक, चालत असेल त्या घरी अंडे, हा आपला रोजचा आहार उत्तम आहे. कुंदा सणासुदीला जरूर खावा, रोज नको.

मुलांचा बीएमआय मोठ्यांच्या मापाने कधीही जोखू नये. वाढीच्या वयात तो दरवर्षी बदलतो, मुलगा व मुलगी यांचाही वेगळा असतो. त्यासाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी २०१५ साली तक्ते तयार केले आहेत. तेव्हा कार्ड घेऊन डॉक्टरांनाच विचारावे. कार्डावरचा मजकूर कन्नडमध्ये असून समजत नसल्यास वर्गशिक्षक वाचून दाखवतील. मोठ्यांनी कंबरही मोजावी. पुरुषांची ९० व स्त्रियांची ८० सेंटिमीटरहून अधिक असेल तर तपासणी करून घ्यावी.

विद्यार्थी मित्रांनो, कुणालाही ‘जाड्या’ किंवा ‘काडी’ म्हणू नका. अशा चिडवण्याने एखादी मुलगी डबा न खाता घरी परत नेते, एखादा मुलगा मैदानावर यायचे टाळतो. ज्याला खेळाची सर्वांत अधिक गरज, तोच खेळापासून दूर जातो. म्हणून आपल्या शाळेत कुणाचेही वजन वर्गात मोठ्याने वाचले जाणार नाही, असे आम्ही ठरवले आहे.

रोज किमान एक तास घाम येईपर्यंत खेळावे. कबड्डी, खो-खो, दोरीच्या उड्या, काहीही चालेल. दहावीच्या पालकांनीही हा एक तास अभ्यासासाठी कापून घेऊ नये, ही आमची कळकळीची विनंती.