चिमुकल्या ताटाची खतावणी

“मूल जेवत नाही” ही तक्रार आपल्या घरांना नवी नाही. बहुतेक वेळा तिचे कारण हट्ट, लाड किंवा अवेळी खाणे यांत सापडते. परंतु काही मुलांच्या बाबतीत कारण निराळे असते. त्यांना अन्न नको असते असे नाही; त्या अन्नाचा स्पर्श, वास किंवा चावतानाचा आवाज सोसत नाही. अशा मुलांचा आहार बदलला म्हणजे त्यांच्या इंद्रियांची अडचण दूर होईल काय, हा प्रश्न आज अनेक आईवडील विचारतात. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. मी वैद्यकाची नव्हे, वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. तरीही ताटात काय आले आणि काय राहून गेले याचा हिशेब मांडण्यास किर्द-खतावणीचे ज्ञान उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

इंद्रियांची अडचण म्हणजे काय?

डोळे चांगले, कान चांगले, तरीही त्यांनी आणलेल्या वार्तेची मेंदूत नीट मांडणी होत नाही, अशी स्थिती असू शकते. कॅलिफोर्नियातील व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन आयर्स यांनी १९७२ साली या विषयावर ग्रंथ लिहिला. पाच इंद्रियांखेरीज शरीराचा तोल सांभाळणारी आणि स्नायू-सांध्यांची जाणीव देणारी अशा आणखी दोन संवेदना त्यांनी महत्त्वाच्या मानल्या, आणि या सर्वांचा समन्वय बिघडला म्हणजे मुलाचे शिकणे व वागणेही बिघडते, असे मांडले.

त्याही आधी, १९४३ साली, बाल्टिमोरचे डॉक्टर लिओ कॅनर यांनी ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. आज ज्याला आपण स्वमग्नता म्हणतो त्याचे ते पहिले प्रसिद्ध वर्णन होय. त्यांतील काही मुले विजेच्या झाडूच्या किंवा अंडी घुसळण्याच्या यंत्राच्या आवाजाने भेदरून जात, आणि त्यांच्यापैकी अनेकांचे तान्हेपणापासून खाण्याशी वैर होते. आवाज आणि अन्न या दोन्ही तक्रारी एकाच लेखात आढळतात, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानग्रंथात संवेदनांच्या या अतिरेकाचा किंवा मंदपणाचा स्वमग्नतेच्या लक्षणांत समावेश केला. मात्र इंद्रियांची अशी अडचण असलेले प्रत्येक मूल स्वमग्न असते असे नव्हे.

भोपाळमधील एक ताट

माझी थोरली बहीण भोपाळला राहते. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दोन महिने तिच्याकडे होते. तिचा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. मिक्सर सुरू झाला की तो कान झाके. कुकरची शिटी होण्याआधीच खोली सोडून जाई. सदऱ्याच्या मानेवरची चिठ्ठी कापून टाकल्याशिवाय तो सदरा घालत नसे. वरण-भात कालवला की त्याला उमासे येत. ताईच्या सासूबाई म्हणत, “भूक लागली की खाईल आपोआप.” परंतु दोन जेवणे चुकली तरी तो मागत नसे.

तो काय खात होता ते मी एका वहीत लिहून काढले. दूध, कोरडी पोळी, टोस्ट, बिस्किट, शेव, पोहे, मोकळा भात, केळे आणि उकडलेला बटाटा, असे एकूण नऊ पदार्थ झाले. पोह्यांत शेंगदाणा किंवा कोथिंबीर दिसली तर ताटली परत येई.

याच सुमारास एका परिचितांनी ताईला सल्ला दिला की, गहू आणि दूध बंद करा, मूल सुधारेल. सल्ला मनापासून दिलेला होता, आणि थकलेल्या आईला असा सल्ला आधारासारखा वाटतो. तीही तयार झाली होती. मी वहीतील चार पदार्थांवर रेघ मारून ती तिच्यापुढे ठेवली. दूध, पोळी, टोस्ट आणि बिस्किट गेल्यावर नवापैकी पाच उरत होते. सीहोरच्या शरबती गव्हाच्या प्रदेशात राहणाऱ्या घराला गहू सोडणे अवघड असेलच. पण येथे प्रश्न त्याहून मोठा होता. उरलेल्या पाचांवर चार वर्षांचे मूल वाढेल काय?

खतावणी काय सांगते

वहीतील रोजची नोंद ही आमची किर्द झाली. तिच्यावरून आम्ही प्रत्येक पोषकद्रव्याचे वेगळे खाते उघडले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १६ ग्रॅम प्रथिने, ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ११ मिलिग्रॅम लोह मिळावे. गाईच्या अर्धा लिटर दुधात सुमारे १६ ग्रॅम प्रथिने आणि ६०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. म्हणजे दूध बंद करताच ही दोन खाती जवळजवळ रिकामी झाली असती, आणि त्यांची भरपाई करील असा पदार्थ उरलेल्या पाचांत नव्हता.

पण खतावणीने दुसरीही एक गोष्ट दाखवली. भाचा दिवसाला अर्धा नव्हे, जवळजवळ एक लिटर दूध पीत होता. या वयाच्या मुलाला रोज सुमारे १,३६० कॅलरी लागतात. एक लिटर गाईच्या दुधातून त्यांतील निम्म्याच्या आसपास मिळतात. म्हणजे निम्मी भूक दुधावरच भागत होती. आणि दुधात लोह नसल्यासारखेच असते. त्यातच टोस्ट चहात बुडवून दिला जाई, आणि चहामुळे अन्नातील लोह शरीरात नीट शोषले जात नाही. लोहाच्या खात्यावर अशी दुहेरी तूट होती. ताईने त्याला बालरोगतज्ज्ञांकडे नेले. रक्ततपासणीत लोहाची कमतरता निघाली व औषध सुरू झाले.

हे दुखणे एका घरापुरते नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार मध्य प्रदेशात पाच वर्षांखालील मुलांपैकी ७० टक्क्यांहून अधिक मुले रक्तक्षयाने ग्रस्त होती. आपल्या महाराष्ट्र-कर्नाटकाचे आकडेही फारसे समाधानकारक नाहीत. लोह कमी झाले की भूक मंदावते, मूल चिडचिडे होते, क्वचित माती खाऊ लागते. मुळातच जेवणाला नाके मुरडणाऱ्या मुलाची ही कमतरता ‘हट्टीपणा’च्या नावाखाली सहज दडून राहते.

आहाराने इंद्रिये सुधारतात काय?

सुधारतात, पण केव्हा? सर्वांत स्पष्ट उदाहरण रातांधळेपणाचे आहे. अंधुक प्रकाशात पाहण्यासाठी डोळ्याच्या पडद्याला जे द्रव्य लागते ते ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनते. ते कमी पडले की मूल संध्याकाळी चाचपडू लागते. तूट वाढली तर कायमचे अंधत्वही येते. म्हणूनच भारत सरकारने १९७० साली लहान मुलांना ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा कार्यक्रम सुरू केला. आजही नवव्या महिन्यापासून पाचव्या वर्षापर्यंत नऊ डोस दिले जातात. शेवग्याचा पाला, पालक, गाजर, पपई, आंबा हे त्याचे घरगुती उगम होत. परंतु ज्या मुलाच्या खात्यात तूट नाही, त्याला अधिक ‘अ’ दिल्याने दृष्टी अधिक तीक्ष्ण होत नाही. उलट ते यकृतात साठून अपाय करते.

गहू आणि दूध यांच्याविषयीची कल्पना निराळी आहे. गव्हातील ग्लुटेन आणि दुधातील केसीन यांचे अर्धवट पचलेले तुकडे रक्तात जाऊन मेंदूवर अफूसारखा परिणाम करतात, असा एक तर्क मांडला गेला. अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याची कसून परीक्षा केली. तीन ते पाच वर्षांच्या १४ स्वमग्न मुलांना आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली दोन्ही पदार्थ बंद केले, आणि नंतर आईवडिलांना किंवा निरीक्षकांना कळू न देता कधी गहू, कधी दूध, कधी दोन्ही, तर कधी काहीच नाही असे खाऊ घातले. वागणे, झोप, शौच यांत फरक आढळला नाही. हा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला. मुलांची संख्या लहान आहे हे खरे. पण त्याउलट भक्कम पुरावाही पुढे आलेला नाही.

येथे एक अपवाद मात्र सांगितलाच पाहिजे. सीलिअॅक नावाच्या आजारात गहू खरोखर आतड्याला इजा करतो, आणि गहू खाणाऱ्या उत्तर व मध्य भारतात तो दुर्मीळ नाही. पण त्याची रक्ततपासणी मूल गहू खात असतानाच करावी लागते. गहू आधी सोडला तर तपासणी फसवी ठरू शकते. तेव्हा संशय असेल तर आधी तपासणी, मग पथ्य, हा क्रम चुकता कामा नये.

कृत्रिम रंगांविषयी थोडा आधार आहे. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे २००७ साली झालेल्या प्रयोगात काही रंग आणि सोडियम बेन्झोएट यांच्या मिश्रणाने मुलांची चंचलता सरासरीने किंचित वाढलेली दिसली, आणि युरोपात २०१० पासून अशा रंगांच्या वेष्टनावर इशारा छापणे बंधनकारक झाले. रंगीत गोळ्या आणि सरबते बंद केल्याने पोषणाचे काही नुकसान होत नाही, म्हणून ते खुशाल करावे. मात्र तो परिणाम चंचलतेवरचा आहे. कुकरच्या शिटीची भीती त्याने जाईल अशी अपेक्षा धरू नये.

वाट बहुधा उलट असते

यावरून असे दिसते की, पुष्कळदा आहार इंद्रियांना बिघडवीत नाही. इंद्रियेच आहार आखूड करतात. आणि आखूड झालेला आहार पुढे इंद्रियांवर उलटतो. २०१९ साली ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी एका तरुणाची हकीकत प्रसिद्ध केली. काही पदार्थांचा स्पर्श सोसत नाही म्हणून तो शाळेच्या पहिल्या वर्षांपासून बटाट्याचे तळलेले काप, पांढरा पाव आणि थोडे प्रक्रिया केलेले मांस एवढ्यावरच राहिला होता. चौदाव्या वर्षी थकवा आला. ‘ब-१२’ कमी निघाले. पुढे ऐकू कमी येऊ लागले, दृष्टी मंदावली, आणि सतराव्या वर्षापर्यंत ती कायमची गेली. वजन-उंची ठीक दिसत होती म्हणून पुष्कळ काळ कोणाला शंका आली नव्हती.

म्हणून ज्याच्या ताटात नऊच पदार्थ आहेत, त्याचे चार काढून घेण्यापूर्वी दहावा कोणता घालता येईल हे पाहावे. अर्थशास्त्रात आपण संधीखर्च शिकतो. एका वस्तूची निवड करताना जी दुसरी सोडावी लागते, ती तिची खरी किंमत. पथ्याची किंमतही बाजारातल्या महागड्या पिठावरून न ठरवता, मुलाने सोडलेल्या घासावरून ठरवावी.

दहावा पदार्थ कसा आला

ताईने डॉक्टरांच्या आणि व्यवसायोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने जे केले ते थोडक्यात असे. दूध हळूहळू अर्ध्या लिटरवर आणले, आणि तेही जेवणानंतर. टोस्टबरोबरचा चहा बंद झाला. पोह्यांवर लिंबू पिळले जाऊ लागले, कारण ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. मिक्सर तो अंगणात असताना फिरवायचा असे ठरले.

नवा पदार्थ नेहमी जुन्याच्या शेजारचा निवडला. त्याला कुरकुरीत आवडते, म्हणून शेवेनंतर बेसनाचे पातळ, कडक धिरडे आले. पुढे त्याच धिरड्यात चिमूटभर बारीक पालक, आणि दर आठवड्यास थोडा अधिक. नंतर नाचणीचा पापड आला. आपल्याकडे कन्नडमध्ये जिला रागी म्हणतात तीच ही नाचणी. तिच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पदार्थ प्रथम नुसता ताटाबाहेर ठेवायचा, मग हात लावायचा, हुंगायचा, जिभेला लावायचा, आणि मग घास. एखादा पदार्थ स्वीकारण्यापूर्वी लहान मुलाला तो दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो. तीनदा नाकारला म्हणून कायमचा खोडू नये. जबरदस्तीने कोंबलेला घास पुढचे दहा घास बुडवतो.

मी परतले तेव्हा वहीत अकरा पदार्थ होते. आता चौदा आहेत. शौचाची तक्रार गेली, झोप सुधारली, दुपारची किरकिर कमी झाली. शिटी झाली की तो आजही कान झाकतो. त्यासाठी व्यवसायोपचार चालू आहे, आणि त्याला वेळ लागणार आहे.

मदत कोठे मिळते

भोपाळमध्ये एम्स, गांधी वैद्यकीय महाविद्यालयाचे हमीदिया रुग्णालय आणि केंद्र सरकारचे अपंग पुनर्वसनाचे संयुक्त प्रादेशिक केंद्र आहे. १९८४ च्या वायुदुर्घटनेने होरपळलेल्या घरांतील अपंग मुलांसाठी रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांनी २००४ साली मिळालेल्या गोल्डमन पुरस्काराच्या रकमेतून चिंगारी ट्रस्ट उभा केला. तेथे उपचार, शिक्षण आणि दुपारचे जेवण एकाच छपराखाली मिळते. आहार आणि उपचार यांची अशी जोडी असावी, हाच त्यातील धडा होय. देशात इतरत्र २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाड्यांतून आणि शाळांतून मुलांची मोफत तपासणी होते, व गरज पडल्यास जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठविले जाते.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी धाकटी भावंडे, भाचरे, पुतणे आहेत. त्यांच्यापैकी कोणी मोजकेच खात असेल तर त्याला हट्टी ठरविण्यापूर्वी आणि कोणाच्या सांगण्यावरून एखादा पदार्थ तोडण्यापूर्वी आठवडाभराची किर्द लिहावी, आणि ती वही डॉक्टरांसमोर ठेवावी. एवढ्या कामाला चार आण्यांचीही जादा पदवी लागत नाही; एक वही आणि थोडा धीर पुरतो.