आधी मधला बिंदू, मग बटणं



तुझं जॉयस्टिकचं चित्र पोचलं. हँडलवर बटणांची दाटी, ट्रिगर, अंगठ्याखाली हॅट स्विच, सगळं झकास काढलंय. हँडलच्या बुडाशी मात्र एक रिकामा चौकोन आणि त्यात ‘मेकॅनिझम’ एवढाच शब्द! घरी फ्लाइट सिम्युलेटरची जॉयस्टिक करायला बसणारे बहुतेक जण याच क्रमाने जातात आणि तिथेच फसतात. मामाचं म्हणणं नेमकं उलट आहे. पैसा, वेळ आणि डोकं त्या चौकोनात घालावं. बटणं काय, कधीही लावता येतात.

एड लिंकचं उदाहरण घे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गनचा कारखाना होता. विमान शिकणं परवडेना, म्हणून या पठ्ठ्याने १९२० च्या दशकाच्या अखेरीस कारखान्यातलेच भाते, झडपा आणि हवा ओढणारे पंप वापरून एक खोटं विमान उभं केलं. दांडी हलवली की झडप उघडायची, भाता फुगायचा किंवा बसायचा, आणि लाकडी खोकं त्या अंगाला कलायचं. सुरुवातीला ते करमणुकीच्या बागांमध्येच खपलं. १९३४ मध्ये टपालविमानं उडवण्याचं काम अमेरिकी सैन्याकडे आलं, खराब हवेत वैमानिक मरू लागले, तेव्हा कुठे सैन्याने सहा लिंक ट्रेनर विकत घेतले. खिडकीबाहेरचा देखावा त्यात नव्हताच. दांडी, पेडल आणि समोरची घड्याळं, एवढ्यावर वैमानिक तयार झाले.

दांडी चुकली तर काय होतं, तेही घडून गेलंय. २० जानेवारी १९७४ रोजी अमेरिकेतल्या एडवर्ड्स हवाई तळावर वायएफ-१६ हे लढाऊ विमान फक्त धावपट्टीवर वेगात पळवून बघायचं होतं. त्याची दांडी हलतच नसे. हाताचा दाब मोजून विमानाला हुकूम जायचा. डावी-उजवी कलण्याची संवेदनशीलता जास्त ठेवली गेली होती. विमान डोलायला लागलं. वैमानिक फिल ऑस्ट्रिकर एका बाजूला सावरायला गेले की ते दुसऱ्या बाजूला जास्त कलायचं. शेपटीकडचा पंख जमिनीला घासला, विमान धावपट्टीवरून भरकटायला लागलं, तेव्हा ऑस्ट्रिकर यांनी सरळ उड्डाणच केलं आणि सहाएक मिनिटांनी सुखरूप उतरवलं. पुढे त्या दांडीला किंचितशी हालचाल देण्यात आली. दांडी हललीच नाही तर आपण किती जोर लावतोय, हे हाताला उमगत नाही.

आता चौकोनाकडे.

त्यात बसणारा जिंबल म्हणजे एकात एक बसवलेल्या दोन चौकटी. एक पुढे-मागे झुलते, दुसरी डावी-उजवीकडे. दोघींचे आस एकाच बिंदूत छेदले पाहिजेत, नाहीतर दोन दिशांना हाताला वेगवेगळं जाणवतं. आसाला ८ मिलीमीटरचा स्टीलचा रॉड आणि ६०८ नंबरचं बेअरिंग घे. स्केटच्या चाकात असतं तेच, भोक ८, बाहेरून २२, जाडी ७ मिलीमीटर. प्लास्टिकमध्ये भोक पाडून त्यात रॉड फिरवायचा विचार मनातही आणू नकोस. हिशेब करून बघ: आसापासून १० मिलीमीटरवर फक्त ०.१ मिलीमीटरचा प्ले (ढिलाई) राहिला, तरी तो अर्ध्या अंशाहून जास्त भरतो. मुठीची उंची २० सेंटीमीटर धरली तर तिथे दांडी २ मिलीमीटर नुसतीच लटपटते. विमान मात्र जागचं हलत नाही. यावर लोक सॉफ्टवेअरमध्ये डेड झोन, म्हणजे मध्याजवळची हालचाल न मोजणारा पट्टा, वाढवतात. त्याने काटा मध्यावर शांत दिसतो, पण ढिलाई तशीच राहते. शिवाय हवेत इंधन भरून घेताना किंवा हेलिकॉप्टर एका जागी स्थिर ठेवताना लागणारी बारीक हालचालच मारली जाते.

थ्रीडी प्रिंट करणार असशील तर पीएलए टाळ. साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडतं आणि स्प्रिंगच्या सततच्या ताणाखाली हळूहळू वाकतं. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर तर बघायलाच नको. पीईटीजी बरं.

स्प्रिंगचे दोन पंथ आहेत. एकात दोन्ही बाजूंनी दोन स्प्रिंगा सदैव ताणलेल्या असतात. दांडी मध्यातून लोण्यासारखी जाते, पण मध्याजवळ ओढ इतकी क्षीण होते की थोडंसं घर्षण असलं तरी ती अलीकडे-पलीकडे थांबते. दुसऱ्यात एकच स्प्रिंग कात्रीसारख्या दोन पात्यांना जवळ ओढते. दांडी बरोब्बर मध्यावर येते, पण तिथून हलवताना आधी एक टप्पा ओलांडावा लागतो. महागड्या जॉयस्टिकांमध्ये कॅम आणि त्यावर दाबून बसलेलं छोटं बेअरिंग असतं. कॅमचा खळगा खोल की उथळ, यावर मध्याचा स्वभाव ठरतो आणि कॅम बदलला की तो बदलतो. पहिल्या खेपेला कात्री कर. हेलिकॉप्टरचं वेड लागलं तर पुढे बघता येईल.

सेन्सरपाशी पुन्हा गणित आहे. साधा पॉट (पोटेन्शिओमीटर) २७० अंश फिरतो. दांडी मात्र दोन्हीकडे वीस-वीस अंश. म्हणजे पॉटचा जेमतेम सातवा भाग वापरात येणार. प्रो मायक्रो बोर्ड १०२४ पायऱ्या मोजतो, त्यातल्या दीडशेच हाती लागतात. (बोर्ड मात्र हाच घे, ऊनोला संगणकासमोर जॉयस्टिक म्हणून उभं करायला नसती खटपट लागते.) एएस५६०० ही चुंबक वाचणारी चिप एका फेऱ्यात ४०९६ पायऱ्या देते, म्हणजे तुझ्या चाळीस अंशांत साडेचारशे, आणि घासून झिजण्यासारखं त्यात काही नाही. दोन गोष्टी सांभाळ. चुंबक व्यासाच्या दिशेने चुंबकित केलेलाच हवा. स्पीकरवाल्याकडची नेहमीची चकती जागेवर कितीही फिरवली तरी चिपला धड कोन कळत नाही. आणि दोन आसांना दोन चिपा लागतील, पण दोन्ही चिपांचा पत्ता एकच असतो, म्हणून एकाच तारांवर दोन आस जोडायचे तर मध्ये मल्टिप्लेक्सर लागतो. चुंबकाच्या आजूबाजूचे स्क्रू पितळेचे घे.

मग परीक्षा. विंडोजमध्ये गेम कंट्रोलरची खिडकी उघड. दांडी डावीकडे नेऊन हळूच सोड, थांबली की आकडा लिही. मग उजवीकडून तसंच. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुझ्या यंत्राचं घर्षण आणि प्ले मिळून झालेली उधारी. फरक मोठा आला तर कोड उघडू नकोस, पाना उचल. आधी बेअरिंगचे नट, मग चुंबकाचा ग्रब स्क्रू, मग स्प्रिंगचे हूक.

हे दोन आकडे आणि जिंबलचा खालून काढलेला फोटो आधी पाठव. ट्रिगरसाठी मायक्रोस्विच मामाकडे पडलेत, ते त्यानंतर पार्सल होतील. रडर पेडलचं पुढच्या पत्रात; त्याला लाकूड लागेल, तेव्हा आजोबांच्या जुन्या पाटाला परस्पर करवत लावू नकोस, आधी ताईला विचार.

तुझा,
मामा